काचेत शिरलेली चांदी

काचेवर रंगकाम करायचं म्हणजे रंग लावायचा आणि भट्टीत वाळवायचा, असं अनेकांना वाटतं. भट्टीत वाळत काहीच नाही. भट्टीत भाजायचा काचेचा रंग ही मुळात काचच असते: लवकर वितळणाऱ्या काचेची वस्त्रगाळ पूड, तिच्यात धातूंची ऑक्साइडं (निळ्यासाठी कोबाल्टचं, तपकिरीसाठी लोहाचं) आणि ब्रशने लावता यावं म्हणून डिंकाचं पाणी किंवा तेल. भट्टी तापताना डिंक जळून जातो आणि साधारण ५५० ते ६५० अंश सेल्सिअसला पूड वितळून खालच्या काचेला कायमची चिकटते. ७०० च्या आसपास खालची साधी सोडा-लाइम काचच आकार सोडू लागते, म्हणून तापमानावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. थंड होताना दोन्ही थर सारखे आकसले नाहीत, तर रंगाला बारीक तडे जातात.

मला खरी भुरळ घालतो तो पिवळा रंग, कारण तो काचेवर बसतच नाही.

चांदीचा क्षार पिवळ्या मातीत कालवून काचेवर लावतात आणि भाजतात. नंतर माती झटकून टाकली, तरी खाली सोनेरी पिवळा डाग उरतो. नखाने काय, चाकूनेही तो खरवडला जात नाही. काच म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं वेडंवाकडं जाळं, आणि त्याच्या पोकळ्यांत सोडियमचे आयन, म्हणजे विद्युत प्रभार असलेले अणू, सैल बसलेले असतात. उष्णतेने ते जागा बदलू लागतात. चांदीच्या आयनावरही तेवढाच एक धन प्रभार आणि आकारही जवळपास तितकाच. म्हणून सोडियम बाहेर पडतो आणि चांदी आत शिरते. आत काचेतलं लोह वगैरे तिला इलेक्ट्रॉन देतं, म्हणजे तिचं क्षपण होतं, आणि चांदीचे अणू गोळा होऊन काही नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण बनतात. अशा कणातले मुक्त इलेक्ट्रॉन सुमारे ४०० ते ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाबरोबर जोरात हेलकावतात आणि तो जांभळा-निळा भाग शोषतात. उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. निळ्या काचेवर हाच प्रयोग केला तर हिरवा रंग मिळतो. युरोपातल्या चर्चच्या खिडक्यांत चांदीच्या पिवळ्याची ही युक्ती चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दिसते. ‘नॅनो’च्या जाहिराती तेव्हा नव्हत्या.

रंगीत काचेतून आलेला प्रकाश ‘ऊर्जा’ देऊन आजार बरे करतो, असं सांगणारे आजही भेटतात. काच प्रकाशात कसलीच भर घालत नाही. त्यातला एक भाग ती काढून घेते.

हल्लीच्या सपाट काचेत आणखी एक गंमत आहे. ती वितळलेल्या कथलावर तरंगवून बनवतात, त्यामुळे तिच्या एका बाजूत थोडं कथील मुरतं. कथील चांदीला सढळ हाताने इलेक्ट्रॉन देतं. म्हणून तोच लेप, तीच भट्टी, पण कथलाच्या बाजूचा डाग जास्त गडद उतरतो. ही बाजू डोळ्यांना कळत नाही. अंधारात लघुतरंगी अतिनील दिवा धरला की ती दुधट चमकते. मात्र त्या दिव्याकडे थेट पाहू नये.