गार्ड ते ट्रेन मॅनेजर: भरतीच्या अटी कुठून आल्या?

जानेवारी २०२२ मध्ये रेल्वे बोर्डाचा आदेश निघाला आणि भारतीय रेल्वेतला गार्ड कागदोपत्री ‘ट्रेन मॅनेजर’ झाला. कामात आणि पगारात फरक पडला नाही. गार्ड म्हटलं की लोकांना सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आठवतो, ही कर्मचाऱ्यांची जुनी तक्रार तेवढी मिटली. तिकिटं तपासणं हे त्याचं काम नव्हे, ते टीसीचं. गार्डाकडे असते गाडीची सुरक्षा, आणि आजच्या भरतीच्या अटी समजायच्या तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, त्या काळात ड्रायव्हरला एकट्याने सगळी गाडी थांबवता येत नसे. इंजिनातून शिट्टी आली की मागच्या ब्रेकव्हॅनमधला गार्ड चाक फिरवून ब्रेक आवळायचा. दहा वर्षांनी बोरघाट सुरू झाला. तिथे चढ ३७ फुटांना एक फूट. अशा उतारावर हाताने ब्रेक लावायचा म्हणजे मनगटात ताकद हवी.

ही पद्धत किती तकलादू होती ते १८८९ मध्ये आयर्लंडमधल्या आर्माला दिसलं. चढावर अडकलेल्या सहलीच्या गाडीची जोडणी सोडवून तिचे दोन भाग केले. मागच्या डब्यांना गार्डाचा हातब्रेक आणि चाकांखाली दगड, एवढाच आधार. पुढचा भाग हलताना किंचित मागे सरकला, त्या धक्क्याने डबे सुटले, उतारावरून धावत मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसं गेली. सगळ्या डब्यांना एकदम लागणारे ब्रेक प्रवासी गाड्यांना सक्तीचे करणारा कायदा ब्रिटिश संसदेने त्याच वर्षी केला.

ब्रेक इंजिनात गेला, तरी नजरेचं काम गार्डाकडेच राहिलं. डोळ्यांच्या कडक तपासणीमागेही एक अपघात आहे. १८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागेरलुंडाजवळ दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. कुणाला तरी सिग्नलचे रंग ओळखता आले नसावेत, असा उप्साला विद्यापीठाच्या होल्मग्रेन यांचा तर्क होता. त्यांनी रंगीत लोकरीच्या लडी पुढे ठेवून रेल्वे कर्मचाऱ्यांची चाचणी सुरू केली. त्या अपघाताचं खरं कारण रंगांधळेपणा होता का, याबद्दल पुढच्या संशोधकांनी शंका घेतली आहे. चाचणी मात्र जगभर रुजली. आपल्याकडे या पदाला ए-२ वैद्यकीय श्रेणी लागते. चष्म्याशिवाय स्पष्ट दिसलं पाहिजे आणि रंगही अचूक ओळखता आले पाहिजेत. लेखी परीक्षेत वर आलेली मुलं इथे अडतात, म्हणून अर्ज भरण्याआधी डोळे तपासून घेतलेले बरे.

बाकीच्या अटी सरळ आहेत: कोणत्याही शाखेची पदवी आणि रेल्वे भरती बोर्डाच्या एनटीपीसी, म्हणजे बिगर-तांत्रिक पदांच्या गटाच्या, दोन संगणकीय परीक्षा. स्टेशन मास्तरला त्यावर अभियोग्यता चाचणीही द्यावी लागते, ट्रेन मॅनेजरला नाही. हे थोडं नवलाचंच, कारण आडरानात गाडी बंद पडली की निर्णय त्यालाही घ्यावे लागतात. खात्यातल्या कर्मचाऱ्यांनाही बढतीने हे पद मिळतं.

प्रशिक्षण विभागीय केंद्रात होतं. मध्य रेल्वेचं असं केंद्र भुसावळला आहे. अभ्यासाचा गाभा म्हणजे ‘सामान्य व सहायक नियम’, गाड्या चालवण्याची रेल्वेची नियमावली. लाल-हिरवी झेंडी, हातदिवा आणि फटाके यांचे नियम तोंडपाठ लागतात. रुळावर ठेवलेला हा फटाका चाकाखाली आला की फुटतो आणि ड्रायव्हर सावध होतो. दुसऱ्या गाडीपासून बचावासाठी ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके लावायचे, तेही अंधारात, खडीवरून चालत जाऊन. वर्गातले धडे संपले की जुन्या गार्डाबरोबर फिरून मार्ग शिकायचा. सक्षमता प्रमाणपत्र मिळाल्यावरच एकट्याने गाडी. सुरुवात मालगाडीपासून होते. पॅसेंजर आणि मेल-एक्स्प्रेस पुढे बढतीने.

शेवटचा डबा गाडीबरोबरच आहे ना, हे इंजिनात कळवणाऱ्या यंत्राच्या चाचण्या मालगाड्यांवर झाल्या आहेत. ते सर्वत्र बसलं तर गार्डाची गरजच उरणार नाही, ही चर्चाही जुनीच. तरीही २०२४ च्या एनटीपीसी जाहिरातीत पदवीधरांच्या ८,११३ जागांपैकी ३,१४४ जागा गुड्स ट्रेन मॅनेजरच्याच होत्या.