नागरी युद्धमृतांचा शोध (ब्रिटन, दुसरे महायुद्ध)

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनवर झालेल्या हवाई हल्ल्यांत मारल्या गेलेल्या आपल्या घरातील सामान्य नागरिकाचा मृत्यू कधी, कुठे व कसा झाला, हे वंशजांनी कागदपत्रांवरून लावलेला माग. सैनिकाच्या मागे पलटणीचे कागद उरतात : भरती, बदली, पगार, पदक. बाँबखाली सापडलेल्या आजीच्या किंवा शाळकरी मुलाच्या मागे उरतो तो एक पत्ता. त्यामुळे या शोधात माणसाच्या आधी जागा सापडावी लागते.

सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळातील जर्मनीचे ‘ब्लिट्झ’ हल्ले, नंतरचे तुरळक छापे आणि १९४४-४५ मधील व्ही-१ उडते बाँब व व्ही-२ रॉकेटे यांत ब्रिटनमधील साठ हजारांहून अधिक नागरिक ठार झाले; त्यांतील जवळपास निम्मे लंडनमधले. सैनिकांच्या कबरी व स्मारके यांची व्यवस्था पाहण्यासाठी १९१७ मध्ये इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झाले होते (१९६० पासून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन). त्याचे संस्थापक सर फॅबियन वेअर यांनी नागरिकांचीही नावे जतन व्हावीत असा आग्रह धरला आणि १९४१ मध्ये कमिशनला तसा अधिकार मिळाला. त्यातून तयार झालेल्या सात खंडांच्या नामावलीत ६६ हजारांहून अधिक नावे आहेत. हे खंड लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये आहेत आणि नावे कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात. पहिल्या महायुद्धात जर्मनीची झेपेलिन हवाई जहाजे व गोथा विमाने यांच्या हल्ल्यांत सुमारे चौदाशे नागरिक गेले, पण त्यांची अशी नामावली कोणी केली नाही. १३ जून १९१७ रोजी पूर्व लंडनच्या पॉप्लरमधील शाळेवर बाँब पडून मेलेल्या १८ मुलांसाठी आजही स्थानिक स्मारकाकडेच जावे लागते.

नामावलीतील नोंद दोन-तीन ओळींची असते : नाव, वय, राहण्याचा पत्ता, कोणाची पत्नी वा कोणाचा मुलगा, मृत्यूची तारीख व जागा. जखमी होऊन इस्पितळात मृत्यू आला असेल, तर जखमी झाल्याची जागा व तारीख वेगळी दिलेली असते. नवखा माणूस चुकतो तो मांडणीत. नावे राहत्या गावाप्रमाणे लावलेली नाहीत. ज्या नगरपालिकेच्या हद्दीत मृत्यू आला तिच्याखाली ती आहेत. संकेतस्थळावर दफनभूमीच्या रकान्यात ‘स्टेप्नी, मेट्रोपॉलिटन बरो’ असे दिसते आणि लोक त्या नावाची दफनभूमी शोधत फिरतात. ती नगरपालिका आहे, दफनभूमी नव्हे. शिवाय ती नगरपालिका आता अस्तित्वातही नाही : १९६५ च्या पुनर्रचनेत स्टेप्नी, पॉप्लर व बेथनल ग्रीन मिळून टॉवर हॅम्लेट्स झाले, वेस्ट हॅम व ईस्ट हॅम न्यूहॅममध्ये गेले. कागद हवे असतील तर आजच्या बरोच्या अभिलेखागारात जुन्या बरोचे नाव सांगून मागावे लागतात.

दुसरा आधार मृत्यूच्या दाखल्याचा. इंग्लंड व वेल्समधील त्या काळच्या मृत्यूंची सूची तिमाहीवार आहे आणि ती तिमाही मृत्यूची नव्हे, नोंदणीची. ढिगाऱ्याखालून काही आठवड्यांनी निघालेल्या माणसाची नोंद पुढच्या तिमाहीत सापडते. दाखल्यावर कारण म्हणून बहुधा ‘युद्धकारवाईमुळे’ एवढेच असते. भाजले, गुदमरले की भिंत अंगावर आली, हे त्यावरून कळत नाही. कुटुंबाला हाच कोरडेपणा सर्वांत जास्त लागतो. पण दाखल्यावर मृत्यूचे ठिकाण असते, आणि पुढच्या शोधाला तेवढे पुरते.

कोण नामावलीत येतो आणि कोण नाही, हे आधी पाहिले तर बराच वेळ वाचतो. हवाई हल्ल्यांच्या वेळी काम करणारे वॉर्डन, अग्निशामक, रुग्णवाहिकांवरच्या स्त्रिया नागरिक म्हणून धरल्या आहेत. होम गार्डचे, म्हणजे सैन्याच्या मदतीला उभारलेल्या स्वयंसेवक दलाचे, लोक मात्र सैनिकांत. ब्लॅकआउटच्या (हल्ल्याच्या भीतीने दिवे झाकून ठेवण्याच्या) अंधारात मोटारीखाली सापडून मेलेला माणूस यात नाही, जरी घरात ‘तो युद्धात गेला’ असेच सांगितले जात असले तरी. बुडालेल्या व्यापारी जहाजांवरचे कोकणी खलाशीही यात नाहीत; त्यांची गणना व्यापारी नौदलात होते. कौटुंबिक आठवण अशी सरमिसळ करते, याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावरील दारूगोळ्याचा स्फोट झाला, तेव्हा जपान्यांनी बाँब टाकला असे अनेकांना वाटले. ज्या घरात आजही तसे सांगतात, तिथल्या नातवाने हवाई हल्ल्यांच्या यादीत पणजोबा शोधले तर ते सापडणार नाहीत.

पत्ता हाती आला की खरे काम सुरू होते. १९३१ च्या जनगणनेचे इंग्लंड-वेल्सचे कागद १९४२ मध्ये आगीत जळाले आणि १९४१ ची जनगणना झालीच नाही. म्हणून २९ सप्टेंबर १९३९ रोजी ओळखपत्रांसाठी घेतलेली घरोघरची नोंद मोलाची ठरते : घरात कोण, जन्मतारीख काय, काम काय. मात्र तोवर हजारो मुले शहराबाहेर सुरक्षित ठिकाणी पाठवली गेली होती आणि त्यांतील बरीच बाँब पडण्यापूर्वीच घरी परतली. म्हणून १९३९ मध्ये खेड्यात दिसणारे मूल १९४० मध्ये लंडनच्या घरात सापडले, तर ते दुसरेच मूल आहे असे समजू नये.

लंडनसाठी काउंटी कौन्सिलचे नुकसान दाखवणारे नकाशे आहेत. प्रत्येक इमारत हाताने रंगवलेली : काळा रंग म्हणजे पूर्ण उद्ध्वस्त, जांभळा म्हणजे दुरुस्तीपलीकडे, मग लाल, नारिंगी आणि किरकोळ नुकसानीचा पिवळा. व्ही-१ जिथे पडले तिथे मोठे वर्तुळ, व्ही-२ साठी लहान. कुठला बाँब कुठे पडला याची सरकारी गणनाही केली जात असे. तिचे नकाशे लंडनमधील क्यू येथील नॅशनल आर्काइव्हज या सरकारी अभिलेखागारात आहेत. स्थानिक अभिलेखागारात वॉर्डनच्या चौकीची रोजनिशी टिकली असेल, तर त्या रात्रीचे सगळेच मिळते : कोणत्या मिनिटाला बाँब पडला, बचावपथक कधी पोहोचले, कोणत्या घरातून किती जण काढले. अशी रोजनिशी सगळीकडे टिकलेली नाही.

वर्तमानपत्रांवर फार विसंबू नये. शत्रूला निशाणा कळू नये म्हणून गावाचे नाव छापत नसत. ‘आग्नेय इंग्लंडमधील एक गाव’ एवढेच येई. व्ही-२ च्या बाबतीत तर सरकारने दोन महिने मौन पाळले. पहिले रॉकेट ८ सप्टेंबर १९४४ रोजी लंडनच्या चिझिकमध्ये पडले. लोकांना गॅसची नळी फुटल्याचे वाटू दिले गेले, आणि लोकही कुत्सितपणे ‘उडत्या गॅसनळ्या’ म्हणू लागले. चर्चिल यांनी संसदेत खरे सांगितले ते १० नोव्हेंबरला. म्हणजे त्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधला ‘गॅसचा स्फोट’ घरच्या आठवणीत असेल, तर व्ही-२ ची यादी उघडून पाहावी. २५ नोव्हेंबर १९४४ रोजी, शनिवारच्या दुपारी, लंडनच्या न्यू क्रॉसमधील वूलवर्थ दुकानावर रॉकेट पडून १६८ जण ठार झाले. खरेदीला लांबून आलेलेही त्यांत होते. त्यांची नावे घराच्या बरोखाली नाहीत, दुकान ज्या बरोत होते त्या डेप्टफर्डखाली आहेत.

कबर शोधायला कमिशनकडे जाऊन उपयोग नाही. नागरिकांच्या कबरींची जबाबदारी त्याच्यावर नव्हती, म्हणून नामावलीत दफनाची जागाही नसते. त्यासाठी नगरपालिकेच्या दफनभूमीची नोंदवही पाहावी लागते. सार्वजनिक खर्चाने पुरले जाणे म्हणजे बेवारशाचा अंत, अशी त्या काळच्या गरीब वस्त्यांतील भावना होती, त्यामुळे शक्य तिथे कुटुंबांनी मृतदेह ताब्यात घेऊन स्वतःच अंत्यविधी केले. जिथे ते शक्य नव्हते, तिथे सामुदायिक दफन झाले. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्रीत पाचशेहून अधिक माणसे मेली. अनेकांची ओळख पटेना, तेव्हा त्यांना लंडन रोड दफनभूमीत लांबलचक चरांत एकत्र पुरले. तिथे स्वतंत्र दगड नाही, स्मारकावर नावे आहेत.