नामिब वाळवंटातील वन्यजीवदर्शन

नामिब हे आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगतचे वाळवंट असून त्याचा बहुतांश भाग नामिबियात मोडतो. किनारपट्टीवर वर्षाकाठी २० मिमी. पाऊसही क्वचितच पडतो. मात्र बेंगेला या थंड सागरी प्रवाहामुळे दाट धुके आत शिरते आणि बरीचशी जीवसृष्टी त्यावर तगून राहते. प्राणी विरळ व विखुरलेले असल्याने मोठ्या कळपांच्या आशेने येणाऱ्याची येथे निराशा होते. माग वाचता येणाऱ्याला मात्र हे वाळवंट भरभरून देते.

वाळूच्या टेकड्यांवर पहाटेच निघावे. तिरप्या उन्हात प्रत्येक ठशाची कड उठून दिसते. वारा सुटला की सगळे पुसले जाते. समांतर, तिरक्या रेघांची ओळ दिसली की पेरिंग्वे घोणस तिथून आडवी सरकत गेली असे समजावे. ती वाळूत अंग पुरून बसते. तिचे डोळे डोक्याच्या माथ्यावर असल्याने तेवढेच वर उरतात, आणि शेपटीचे टोक हलवून ती सरड्यांना भुलवते. धुक्याच्या सकाळी ओनिमॅक्रिस जातीचा भुंगेरा टेकडीच्या माथ्यावर डोके खाली करून उभा राहतो. पाठीवर साचलेले थेंब ओघळून त्याच्या तोंडात जातात. कितीही मोठ्या प्राण्यापेक्षा हे दृश्य अधिक मोलाचे मानावे.

मोठे प्राणी पाहायचे तर वायव्येकडील कुनेने भागातील होआनिब, हुआब, उगाब या कोरड्या नद्यांची पात्रे धरावीत. भूजलावर जगणाऱ्या ॲना वृक्षांच्या शेंगांसाठी हत्ती तेथे येतात. हे हत्ती वेगळ्या जातीचे नाहीत. आफ्रिकी सव्हाना हत्तीच येथे दूरवरच्या पाणवठ्यांच्या वाटा लक्षात ठेवून जगतो आणि पात्रात खड्डे खणून पाणी काढतो. ताजी लीद दिसली की गाडी थांबवून वाऱ्याची दिशा पाहावी.

याच भागात काळे गेंडे मोकळे फिरतात. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या सेव्ह द ऱ्हायनो ट्रस्टचे स्थानिक मागकरी त्यांच्यावर लक्ष ठेवतात. १९९६ च्या कायद्याने गावसमूहांना वन्यजीवांच्या व्यवस्थापनाचे व पर्यटनातील उत्पन्नाचे हक्क मिळाले, त्यामुळे स्थानिक वाटाड्या घेणे हे संरक्षणालाच हातभार लावणे होय.

गाडी मळलेली वाट सोडून नेऊ नये. खडकाळ मैदानांवरील दगडफुलांवर उठलेली चाकोरी कित्येक दशके बुजत नाही. गेंड्याच्या छायाचित्रासोबत ठिकाणाची नोंद राहिल्यास चोरट्या शिकाऱ्यांना वाट सापडते, म्हणून ती आधी पुसून टाकावी.