रिमोटसकट आणा
जुने रंगीत टीव्ही सांभाळणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गोव्यातल्या घरात सापडणारा जुना रंगीत टीव्ही पुष्कळदा आखातातून आलेला असतो. कुवेत, बहारीन, मस्कतला नोकरीला असलेले काका सुटीवर येताना तो घेऊन यायचे, नाहीतर घरातला तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, बोटीवरून उतरताना. आपल्या देशात रंगीत प्रक्षेपण 15 ऑगस्ट 1982 रोजी सुरू झाले, आणि त्यानंतरची काही वर्षे दिवाणखान्यातला मानाचा कोपरा या संचाचाच होता. आता घराची वाटणी होताना किंवा नळ्यांचे छप्पर काढून स्लॅब घालताना तो माळ्यावरून खाली येतो आणि आमच्या फोंड्याच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात पोचतो. बहुतेक वेळा एकटाच. रिमोट कुठल्या तरी खणात राहिलेला असतो, किंवा भंगारवाल्याकडे गेलेला असतो.

कृपया तो शोधा. अशा संचाचा निम्मा जीव रिमोटमध्ये असतो. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या अनेक संचांच्या पुढच्या पट्टीवर चॅनेल आणि आवाजाची बटणे तेवढी आहेत. रंग, उजेड, ट्यूनिंग हे सगळे रिमोटवरूनच करायचे. त्याआधीच्या संचांचे रिमोट तर सहसा दुसऱ्या संचाला चालत नाहीत, आणि बाजारात शंभर-दीडशेला मिळणारा रिमोट त्यांना चालत नाही.

आवाजावर चालणारे रिमोट

रिमोट म्हटले की आपल्याला इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश आठवतो. पण पंचवीसेक वर्षे रिमोट चालले ते आवाजावर. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने 1950 मध्ये वायरचा रिमोट काढला. लोक त्या वायरीत पाय अडकून पडू लागले. 1955 मध्ये त्याच कंपनीच्या युजीन पॉली यांनी टॉर्चसारखा रिमोट केला. पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार डोळे होते, ज्या कोपऱ्यावर झोत टाकाल ते काम व्हायचे. खिडकीतून ऊन आले की चॅनेल आपोआप बदलू लागे, म्हणून तोही फार टिकला नाही.

मग 1956 मध्ये रॉबर्ट ॲडलर यांचा ‘स्पेस कमांड’ आला. आम्हाला आजही त्याचे नवल वाटते. आत सेल नाही, वायर नाही. ॲल्युमिनियमच्या चार कांड्या आणि चार छोट्या हातोड्या. बटण दाबले की हातोडी कांडीच्या टोकावर बसते आणि कांडी वाजते, पण 40 किलोहर्ट्झच्या आसपास. माणसाच्या कानाची मजल 20 किलोहर्ट्झपर्यंत, म्हणून आपल्याला ऐकू येतो तो फक्त हातोडीचा ‘टक्’. घरातले कुत्रे मात्र कान टवकारते. संचातला मायक्रोफोन तो सूर ओळखतो आणि मोटर ट्यूनर, म्हणजे चॅनेल निवडणारा भाग, फिरवते. पुढे रंगीत संचांत आवाज आणि रंगछटा कमीजास्त करायलाही अशा मोटरी आल्या. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी चॅनेल बदलायचे, कारण त्या खुळखुळाटातही तेवढे उंच सूर असतात.

या कांड्यांची लांबी साधारण सव्वासहा सेंटिमीटर. कुठल्या कांडीचा सूर कोणता हे तिची लांबी ठरवते. टोकाकडून एक मिलिमीटर झिजली तरी सूर सहाशेएक हर्ट्झने वर चढतो, आणि शेजारच्या कांडीचा सूर तिथून फार लांब नसतो. घुमट या वाद्याच्या साथीला वाजणाऱ्या कांसाळ्याची (झांजेची) कड कोणी कानशीने घासणार नाही. तीच काळजी इथे घ्या. कांड्यांवर काळपट थर दिसला तरी सँडपेपर लावू नका, चिंच-लिंबूही नको. आमच्याकडून सुरुवातीला ही चूक झाली आहे. कांडी लखलखीत झाली, पण संचाने तिला परत ओळखले नाही. आता आम्ही मऊ ब्रशने धूळ काढतो आणि तिथेच थांबतो.

1970 च्या दशकातल्या युरोपियन संचांचे आवाजावर चालणारे रिमोट सेलवरचे असतात. इन्फ्रारेड आले दशकाच्या शेवटी, आणि 1980 नंतर तेच सगळीकडे झाले. तुमच्या हातातला रिमोट कोणता हे ओळखणे सोपे आहे. पुढच्या तोंडाला बारीक जाळी असेल तर तो आवाजाचा. काळसर किंवा गडद लाल प्लास्टिक असेल तर प्रकाशाचा. प्रकाशाचा असेल तर मोबाईलचा कॅमेरा त्याच्या तोंडासमोर धरून बटण दाबा, स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकेल. काही फोनचा मागचा कॅमेरा हा प्रकाश गाळून टाकतो, म्हणून पुढच्या कॅमेऱ्यानेही पाहा. ठिपका दिसला नाही तरी रिमोट टाकून देऊ नका. बहुतेकदा तो हातातून पडलेला असतो आणि आतल्या रेझोनेटरचा (रिमोटच्या सर्किटला ठेका देणाऱ्या छोट्या भागाचा) पाय सोल्डरमधून सुटलेला असतो. दहा मिनिटांचे काम आहे. सेल पाझरून पत्रे खाल्ले असतील तर थोडा जास्त वेळ लागतो. त्यामुळे वापर नसेल तेव्हा सेल काढूनच ठेवा.

चालू करून बघू नका

वर्षानुवर्षे पडून असलेला संच घरी प्लगला लावू नका, ही आमची सगळ्यांत आग्रहाची विनंती. कंडेन्सर सुकलेले असतात, आत ओल असते, कधी उंदराने वायर कुरतडलेली असते. पाच सेकंदांत एलओटी (पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर) जळू शकतो, आणि जुन्या संचाचा एलओटी आज सहज मिळत नाही. आम्ही आधी आतून साफ करतो, कंडेन्सर मोजतो आणि मगच सिरीज बोर्डावर, म्हणजे विजेच्या वाटेत मधे बल्ब लावून, चालू करतो.

मागचे झाकणही उघडू नका. रंगीत पिक्चर ट्यूबला वीस ते पंचवीस हजार व्होल्ट लागतात, आणि प्लग काढल्यावरही ट्यूबच्या काचेत तो भार बराच वेळ राहू शकतो. घरात कोणी इलेक्ट्रिशियन असला तरी त्याला हे सांगा. पंखा-फ्यूजचे काम आणि हे काम वेगळे आहे.

पावसाळा आणि खारी हवा

आपल्याकडे संच बिघडतात ते वापराने कमी आणि हवेने जास्त. जून ते सप्टेंबर भिंती घाम सोडतात. सासष्टी-बारदेशात समुद्राजवळच्या घरांत त्यात मीठही असते. ट्यूबच्या बाजूला रबरी टोपी असते, तिच्याखाली ओल आणि धूळ साचली की चर्र आवाज येतो आणि अंधारात निळसर ठिणगी दिसते. असे झाले तर लगेच बंद करा.

प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवणे हा बहुतेकांचा उपाय, आणि तोच सगळ्यांत वाईट. आत वाफ धरते. जुने सुती लुगडे किंवा चादर घाला. चिऱ्याच्या भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, लाकडी कॅबिनेट असेल तर खाली वाळवी बघत राहा. दुरुस्त झालेला संच पावसात आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा. गडगडत असेल तर नको; प्लग आणि केबल दोन्ही काढा.

एक गोष्ट बिघाड समजून पुष्कळ जण घेऊन येतात. सोनीच्या ट्रिनिट्रॉन पडद्यावर उजळ चित्रात एक किंवा दोन बारीक आडव्या रेषा दिसतात. तो दोष नाही. आतल्या उभ्या पट्ट्या थरथरू नयेत म्हणून ताणलेल्या तारेची ती सावली आहे. स्पीकर जवळ ठेवल्याने एका कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग आला असेल, तर तो मात्र काढता येतो.

आज त्यावर काय दिसेल

दूरदर्शनचे जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद झाले, त्यामुळे गच्चीवरच्या अँटेनाचा भरवसा नाही. सेट-टॉप बॉक्स चालतो. संचाला मागे पिवळे-पांढरे सॉकेट नसेल तर मधे मॉड्युलेटर, म्हणजे बॉक्सचे चित्र अँटेनाच्या सॉकेटमधून संचाला देणारी डबी, लागतो. तुमच्याकडे जुना व्हीसीआर असेल तर तोच हे काम करतो, तो फेकू नका. आखातातले बरेच संच आपल्यासारखेच पाल पद्धतीचे, 625 रेषांचे, म्हणून अडचण येत नाही. अमेरिकेहून मागवलेला संच मात्र 120 व्होल्टचा आणि 525 रेषांचा असतो. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणि एनटीएससी (अमेरिकी पद्धतीचे) चित्र देणारा प्लेअर लागतो. विकत घेण्याआधी आम्हाला विचारा.

जुन्या कॅबिनेटमध्ये एलसीडी बसवून देण्याचे काम आम्ही घेत नाही. चांगली पिक्चर ट्यूब काढून टाकायला हात धजत नाही. गणेश चवथीला घर भरलेले असताना काकांच्या संचावर पुन्हा चित्र उमटलेले आम्ही पाहिले आहे, आणि रिमोट कोणी धरायचा यावर मुलांची भांडणेही.

आणताना

रिमोट, त्याचे मागचे झाकण, सापडले तर माहितीपुस्तक आणि खरेदीची पावती, सगळे एका पिशवीत घाला आणि पिशवी संचालाच बांधा. वजन सगळे काचेच्या बाजूला असते, म्हणून उचलताना पडदा आपल्या छातीकडे धरा, दोघांनी उचला. गाडीत मागच्या सीटवर पडदा सीटच्या पाठीकडे करून ठेवा, मधे उशी घाला. मागे झाकण नसेल तर ट्यूबच्या बारीक मानेला हात लागू देऊ नका. ती मोडली की ट्यूब गेली. संच जड असेल, किंवा घरी वयस्कर माणसेच असतील, तर तसे सांगा. फोंडा तालुक्यात आम्ही घरी येऊन घेऊन जातो.