बहराइचचा जेठ मेळा आणि त्याच्या नावाचा जुना वाद

उत्तर प्रदेशातील बहराइच शहरात सय्यद सालार मसूद, म्हणजे लोकांच्या तोंडचे गाझी मियाँ, यांच्या दर्ग्यावर दर उन्हाळ्यात महिनाभर भरणाऱ्या जेठ मेळ्याला २०२५ मध्ये जिल्हा प्रशासनाने परवानगी नाकारली. कारण कायदा व सुव्यवस्थेचे दिले गेले; परंतु आक्रमकाच्या नावे मेळा कशासाठी, भरवायचाच असेल तर तो त्याच्याशी लढलेले राजे मानले जाणाऱ्या महाराजा सुहेलदेव यांच्या नावे भरवावा, ही मागणी त्याआधीपासूनच जोर धरू लागली होती. ती काही या एका वर्षातली नव्हे. १९५० मध्येही याच दोन नावांवरून बहराइचचे बाजार बंद राहिले होते. मात्र त्या वेळी बंदी आली होती ती सुहेलदेवांच्या मेळ्यावर.

प्रचलित कथेप्रमाणे सालार मसूद हे गझनीच्या महमूदाचे भाचे. उत्तर भारतात मजल दरमजल करीत ते बहराइचपर्यंत पोहोचले आणि १०३३ च्या सुमारास तेथील राजांच्या संयुक्त फौजेशी लढताना मारले गेले. त्या राजांचे नेतृत्व सुहेलदेवांनी केले होते. परंतु महमूदाच्या काळातील वृत्तांतांत त्याच्या स्वाऱ्यांची इतकी माहिती असूनही या भाच्याचा पत्ता लागत नाही. सविस्तर कथा हाती येते ती थेट सतराव्या शतकात, जहांगीराच्या अमदानीत अब्दुर रहमान चिश्ती यांनी फारसीत लिहिलेल्या ‘मिरात-ए-मसूदी’ या चरित्रात, म्हणजे मूळ घटनेनंतर जवळजवळ सहाशे वर्षांनी. सुहेलदेवांचे नावही इतिहासाच्या चर्चेत आले ते याच ग्रंथामुळे. आज एकमेकांसमोर उभे राहिलेले दोन्ही पक्ष अशा रीतीने एकाच पोथीवर विसंबून आहेत, आणि ती पोथी गाझींच्या भक्ताने लिहिलेली आहे, ही बाब या वादात फारशी कोणी बोलून दाखवत नाही.

दर्ग्याची ख्याती मात्र या ग्रंथापेक्षा कितीतरी जुनी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस अमीर खुसरोच्या लिखाणात बहराइचच्या कबरीचा उल्लेख येतो. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाबरोबर येथे आलेल्या मोरोक्कोच्या प्रवासी इब्न बतूताला गर्दीमुळे कबरीपर्यंत जाता आले नाही, आणि १३७४ मध्ये फिरोजशहा तुघलकानेही येथे हजेरी लावली. दरबारी इतिहासकार अबुल फझलने नोंदवलेली अकबराची हकीकत तर मासलेवाईक आहे. बहराइचला निघालेल्या यात्रेकरूंचा आग्र्याबाहेर मेळावा जमला असता तरुण अकबर वेष पालटून त्यात शिरला; एकाने त्याला ओळखलेच, तेव्हा त्याने डोळे असे काही फिरवले आणि चेहरा असा वेडावाकडा केला की हा बादशहा असणे शक्य नाही, अशी बघणाऱ्यांची खात्री पटली.

या गर्दीला दर्ग्याकडे कशाने ओढले, याचे उत्तर चरित्रग्रंथापेक्षा मेळ्याच्या रिवाजांत अधिक सापडते. गाझींचा उरूस हिजरी कालगणनेनुसार रजब महिन्यात होतो, तर मेळ्याचा मुख्य दिवस असतो जेठातला पहिला रविवार. (उत्तरेकडील महिने पौर्णिमान्त असल्यामुळे तो आपल्या पंचांगाप्रमाणे वैशाख वद्यात पडतो.) त्या दिवशी गाझी मियाँची वरात येते. रुदौलीच्या जोहरा बीबी या अंध मुलीला गाझींच्या कृपेने दृष्टी आली आणि तिने त्यांची कबर बांधून घेतली, अशी कथा आहे. म्हणून रुदौलीहून आणि इतर गावांहूनही पलंग, पीढी, कपडे असा रुखवत वाजतगाजत आणला जातो. मात्र दरवर्षी काहीतरी विघ्न येऊन लग्न अपुरेच राहते, अशी श्रद्धा आहे. डफाली लोक डफावर जी गाणी गातात, त्यांत गाझी मियाँ लग्नाचा मांडव सोडून निघतात ते गवळ्यांच्या गायी सोडवण्यासाठी, आणि त्या लढाईतच त्यांना मरण येते. येथे नवस बोलणाऱ्यांत, मुले मागणाऱ्यांत आणि कोड बरे व्हावे म्हणून येणाऱ्यांत हिंदूंचा भरणा मोठा आहे. १८४९ मध्ये अवधच्या दौऱ्यावर असलेल्या इंग्रज अधिकारी कर्नल स्लीमनलाही याचेच आश्चर्य वाटले होते.

गाझींच्या या लोकप्रियतेवर आक्षेप पहिल्यांदा घेतला तो मुसलमान सुलतानाने. सिकंदर लोदीने सालार मसूद यांच्या नावाने निघणारी भाल्याची मिरवणूक बंद केली होती. हिंदूंनी या दर्ग्यावर जाऊ नये, असा प्रचार आर्य समाजाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केला, आणि १९४० मध्ये बहराइचच्या एका शिक्षकाने सुहेलदेवांवर दीर्घकाव्य रचले, ज्यात ते जैन राजा आणि हिंदू संस्कृतीचे रक्षक म्हणून येतात. फाळणीनंतर, १९५० मध्ये, आर्य समाज, हिंदू महासभा व रामराज्य परिषद यांनी दर्ग्याच्या जागीच सुहेलदेवांच्या गौरवार्थ मेळा भरवण्याचे ठरवले. दर्गा समितीच्या एका सदस्याच्या विनंतीवरून प्रशासनाने कलम १४४ लावले. निषेधार्थ आठवडाभर बाजार बंद राहिले, लोकांनी तुकड्या-तुकड्यांनी अटक करून घेतली आणि अखेर आदेश मागे घ्यावा लागला. पुढे प्रयागपूरच्या राजाने चित्तौरा तलावाकाठची जमीन दिली, तेथे सुहेलदेवांचे मंदिर उभे राहिले आणि वसंत पंचमीला वेगळा मेळा भरू लागला. आज नामांतर मागणारे या तोडग्याचा उल्लेख क्वचितच करतात.

त्यानंतर सुहेलदेवांच्या नावाभोवती जातींचे राजकारण उभे राहिले. राजभर आणि पासी हे दोन्ही समाज त्यांना आपला पूर्वज मानतात, राजपूतही दावा सांगतात, आणि २००२ मध्ये स्थापन झालेल्या ओमप्रकाश राजभर यांच्या पक्षाने तर हे नावच धारण केले. २०१६ मध्ये सुहेलदेवांच्या नावाची रेल्वेगाडी आली, २०१८ मध्ये टपाल तिकीट निघाले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये वसंत पंचमीच्या दिवशी चित्तौरा येथील स्मारकाचे भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. पूर्व उत्तर प्रदेशात राजभरांची मते अनेक मतदारसंघांत निकाल फिरवू शकतात, हे लक्षात घेतल्याशिवाय या घटनांची संगती लागत नाही.

२०२५ मध्ये दर्गा समितीने न्यायालयात दाद मागितली तेव्हा अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने मेळ्याला मुभा दिली नाही, पण दर्ग्यातील नित्याचे धार्मिक विधी चालू ठेवण्यास परवानगी दिली. १० जून रोजी मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांनी चित्तौरा येथे सुहेलदेवांच्या पुतळ्याचे अनावरण केले. नामांतराच्या मागणीत ज्याचा विचार दिसत नाही, ते या मेळ्याच्या घडणीतच आहे: मेळ्याची तिथी वरातीवर ठरते, वरात गाझी मियाँची आहे, आणि ती घेऊन येणारी गावे कोणत्याही सरकारी पत्रकावरून निघत नाहीत.