मन्नारच्या प्रवाळांवर चढलेलं शेवाळ

तमिळनाडूतल्या मंडपमजवळ जमिनीची चिंचोळी पट्टी समुद्रात शिरते. तिच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचं आखात आणि दोन्हींना जोडणारी पांबनची सामुद्रधुनी. तिच्या तोंडाशीच, दक्षिणेला, क्रुसडाई बेट आहे. मन्नारच्या २१ बेटांचं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८६ मध्ये झालं, त्यातलंच हे एक. इथल्या प्रवाळांवर काप्पाफायकस अल्वारेझी हे परकं शेवाळ पसरल्याची नोंद २००८ मध्ये प्रसिद्ध झाली.

हे शेवाळ मूळचं फिलिपिन्सच्या बाजूचं. त्यापासून कॅराजीनन मिळतं. आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत दाटपणा आणायला ते वापरतात. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९८४ मध्ये त्याचं बियाणं जपानहून आणलं, सौराष्ट्रच्या पाण्यात रुळवलं आणि नव्वदच्या दशकात मंडपमला नेलं. २००० मध्ये पेप्सिको त्याच्या शेतीच्या धंद्यात उतरली. पूर्वी बेटांभोवती बुड्या मारून देशी शेवाळ काढणाऱ्या बायकांवर उद्यानामुळे बंधनं आली होती. त्यांना बचत गटांतून हाच रोजगार मिळाला, आणि तो खरोखर गरजेचा होता.

शेतीची रीत सोपी आहे. बांबूचा ३ मीटर बाय ३ मीटर तराफा घ्यायचा, त्याला २० दोऱ्या ताणायच्या आणि प्रत्येक दोरीवर दीडशे ग्रॅमचे २० तुकडे बांधायचे. म्हणजे ६० किलो बियाणं. ४५ दिवसांत त्याचं चौपट होतं. त्यातलं ६० किलो पुढच्या फेरीसाठी ठेवायचं, उरलेलं वाळवून विकायचं. तराफ्याखाली जाळं लावतात, कारण मासे शेवाळ कुरतडतात आणि तुकडे गळतात.

घोळ या तुकड्यांतच आहे. परक्या पाण्यात या शेवाळाचे बीजाणू क्वचितच तगतात, म्हणून ते निरुपद्रवी मानलं गेलं. पण सुटलेला छोटा तुकडाही वाढतो. ज्या गुणावर शेती चालते, त्याच गुणावर आक्रमणही चालतं. जाळं फाटलं, वादळात दोरी तुटली की तुकडे प्रवाहाबरोबर निघतात.

२००५ मध्ये राज्य सरकारने ही लागवड पाल्कच्या उत्तर बाजूपुरती आणि तुतिकोरिनच्या दक्षिणेपुरती मर्यादित केली. नकाशावर हे पुरेसं वाटतं. पण ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पाणी पाल्ककडून मन्नारकडे वाहतं आणि क्रुसडाई त्याच वाटेवर आहे. हा निर्णय घेताना जिल्ह्याच्या नकाशाइतकाच प्रवाहांचा नकाशा समोर हवा होता.

प्रवाळावर चढलेलं शेवाळ फांद्यांना विळखा घालून जाड चटई तयार करतं. तिच्याखाली उजेड पोहोचत नाही, गाळ साचतो. प्रवाळाच्या पेशींतल्या सूक्ष्म शैवालांना प्रकाश मिळाला नाही की त्यांचं अन्न बनवणं थांबतं आणि प्रवाळ उपाशी मरतो. शिंगांसारख्या फांद्यांचे अॅक्रोपोरा प्रवाळ इथे या विळख्यात सर्वाधिक सापडले. हाताने उपटताना त्यांच्या फांद्या मोडतात, आणि बुडाशी चिकटलेला अंश राहिला तर शेवाळ पुन्हा उगवतं. त्यामुळे एकदाच्या सफाईने काम भागत नाही. काढलेलं शेवाळ पाण्यातच जाळीच्या पिशवीत भरावं लागतं, उघड्या टोपलीतून निसटलेले तुकडे पुढच्या प्रवाळावर जाऊन बसतात.

धोक्याची सूचना आधीच मिळाली होती. हवाईतल्या ओआहू बेटाच्या कानेओहे उपसागरात हे शेवाळ १९७४ मध्ये लावलं गेलं. खोल पाणी ओलांडून ते जाणार नाही असा अंदाज होता, पण नव्वदच्या दशकापर्यंत ते मूळ जागेपासून सुमारे ६ किलोमीटरवर पोहोचलं. तिथे पाणबुडे शेवाळ उपटून तराफ्यावरच्या पंपाच्या नळीत सोडतात आणि नंतर त्या जागी उबवणीकेंद्रात वाढवलेले तिथलेच समुद्री साळू (सी अर्चिन) सोडतात. ते उरलेले कोंभ खातात. खर्चिक उपाय आहे, पण साळूंमुळे पुनर्वाढ रोखली जाते.

आता केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेतून शेवाळशेतीला जोर मिळतो आहे आणि कोकण किनाऱ्याचंही नाव घेतलं जातं. मालवणला २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य आहे आणि त्यात प्रवाळ आहेत. तिथे तराफा टाकण्याआधी पावसाळ्यातले आणि उन्हाळ्यातले प्रवाह मोजायला हवेत, आणि बियाणं ग्रॅसिलेरियासारख्या आपल्याच किनाऱ्यावरच्या जातींतून निवडायला हवं.