ब्रेक ऑइल भरून गाडी आणू नका : दोन सर्किटच्या ब्रेकविषयी ग्राहकांसाठी माहिती

“दोन सर्किटचे ब्रेक असताना पेडल खाली गेलेच कसे?” असे ऑफ-रोड वाटांवरून परतलेले अनेक ग्राहक आम्हाला विचारतात.

पेडलचा दाब ऑइलवर देणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक दोन पिस्टन असतात आणि प्रत्येकाकडे एक सर्किट, म्हणजे चाकांकडे ऑइल नेणारा स्वतंत्र मार्ग असतो. एका सर्किटमधले ऑइल गळून गेले, तर त्या बाजूची पोकळी संपून पिस्टन टेकल्यावरच दुसऱ्या बाजूला दाब तयार होतो. म्हणून पेडल बरेच खाली जाते, पण ब्रेक लागतो. पुढची चाके एका आणि मागची दुसऱ्या सर्किटवर असलेल्या गाडीत पुढचे सर्किट गेले, तर मात्र थांबण्याचे अंतर फार वाढते, कारण ब्रेक लावताना भार पुढे येतो आणि मागची चाके हलकी होतात. उरलेल्या सर्किटवर गाडी बाजूला घ्यावी, पुढचा घाट उतरू नये.

आता आमचा सर्वाधिक वेळ खाणारी चूक. पेडल खाली गेल्यावर पुष्कळ जण ऑइलची टाकी काठोकाठ भरतात, चिखल धुऊन टाकतात आणि मग गाडी घेऊन येतात. बहुतेक टाक्यांत खालच्या भागात आडभिंत असते. कोणत्या कप्प्यातले ऑइल उतरले आहे, यावरून कोणते सर्किट गळते ते क्षणात कळते. चाकाच्या आतल्या बाजूचा ओला डाग उरलेले सांगतो. हे दोन्ही पुरावे पुसले गेले की चारही चाके उघडण्यावाचून इलाज राहत नाही आणि तो वेळ बिलात येतो. वाटेत भरणे अटळच असेल, तर आधी टाकीचा फोटो घ्यावा, आणि इंजिन ऑइल चुकूनही घालू नये. त्याने रबरी सील फुगतात.

“ब्रेकच्या ऑइलमध्ये शिरलेली नुसती हवा काढून द्या” ही विनंती आम्ही मान्य करत नाही, याचा काहींना राग येतो. परंतु हवा आत शिरली ती कुठून, हे सापडल्याशिवाय गाडी परत देणे आम्हाला पटत नाही. सस्पेन्शन उंच केलेल्या गाडीत ॲक्सल (चाके जोडणारा आडवा दांडा) पूर्ण लोंबकळल्यावर रबरी होज, म्हणजे चाकाकडे ब्रेक ऑइल नेणारी नळी, ताणला जातो, आणि गाडी जमिनीवर उभी असताना ते दिसतच नाही. त्यामुळे आम्ही ॲक्सल मोकळा सोडूनच होज तपासतो.

गळती नसतानाही ब्रेक जाऊ शकतात, आणि तिथे दोन सर्किटांचा उपयोग नसतो. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. ताज्या डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंश धरली जाते. लांब उतारावर ब्रेक दाबून ठेवल्यास दोन्ही सर्किटांतले जुने ऑइल एकाच वेळी उकळू शकते. उतार लो-रेंजमध्ये (फोर-व्हील गाडीतली कमी वेगाची गिअर-श्रेणी), खालच्या गिअरवर उतरावा.

ऑइल स्वच्छ दिसले तरी आम्ही ते दर दोन वर्षांनी बदलतो. मोहिमेपूर्वी तपासणी हवी असल्यास निघण्याच्या आदल्या दिवशी न येता आठवडाभर आधी यावे, म्हणजे होज मागवावा लागला तरी बेत मोडणार नाही.